नासलंय का बघ

ज्या बाईला दुधाच्या नुसत्या वासानं मळमळतं, तिनं आयुष्याची अकरा वर्षं दुधात बुडवून काढावीत, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. ती स्वतः त्याला एक चांगला सणसणीत शब्द वापरायची, पण तो इथं लिहिण्यासारखा नाही.

लहानपणी घरात तिला नाकाडी म्हणायचे. नाक काही फार लांब नव्हतं, तिखट होतं. दूध नासल्याचं बाकीच्यांना भांड्यात गुठळ्या दिसल्यावर कळायचं, हिला आदल्या दिवशीच कळायचं. आई भांडं तिच्या तोंडापुढे धरायची आणि म्हणायची, "नासलंय का बघ." ती नाक आत घालायची, अंगावर सर्रकन काटा यायचा, "नासतंय!" म्हणून ती ओरडायची आणि मोरीकडे पळायची. थोरली बहीण, म्हणजे ताई, हसून हसून लोळायची. ताईला दूध जीव की प्राण. सायीसकट प्यायची आणि ओठाला चिकटलेली साय तशीच ठेवून मुद्दाम हिच्यासमोर येऊन उभी राहायची. ही किंचाळायची आणि आईच्या हातचा धपाटा मात्र दोघींना बसायचा.

तर अशी ही नाकाडी शिकली, सवरली, मोठ्या पदव्या मिळवल्या, आणि कुणाचा तळतळाट लागला कोण जाणे, नोकरी लागली ती दुधातल्या प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत.

काम तसं बुद्धीचं होतं. दुधात, आणि विशेषतः नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकात, जंतूंशी लढणारं एक प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे शेकडो मण्यांची माळ. त्यातला पंधरा-वीस मण्यांचा कामाचा तुकडा निवडायचा, कॉम्प्युटरवर त्यातले दोन-चार मणी बदलून बघायचे, आणि मग तो तुकडा मशीनवर एकेक मणी ओवून तयार करायचा. या तुकड्याला म्हणायचं पेप्टाइड. मणी अशा बेतानं बदलायचे की तुकड्यावर विजेचा अधिक भार, म्हणजे प्लस, यावा. जंतूंच्या आणि कॅन्सरच्या पेशींच्या कातडीवर उणा भार जास्त असतो, त्यामुळे तुकडा तिथंच जाऊन चिकटतो आणि भोक पाडतो. चांगल्या पेशींना सहसा धक्का लावत नाही. कागदावर तर हे इतकं देखणं दिसायचं की ती स्वतःच्याच चित्राकडे बघत बसायची.

पण कागद सोडून मान वर केली की घाणच घाण. शीतकपाटात चिकाच्या बाटल्या, पिवळ्या, घट्ट, बुचाशी खपली धरलेल्या. गाळणीच्या कापडाचा आंबूस भपकारा. पेशी वाढवायच्या गुलाबी पाण्यात वासरांच्या रक्तातला द्रव घालावा लागतो, त्याचा तो गोडसर, ओला वास, जो घरी जाऊन दोनदा आंघोळ केली तरी केसांतून जात नाही. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे साहेब. साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख. बैठकीत बोलता बोलता पिपेटचं कोरं टोक घ्यायचे, त्यानं कान कोरायचे, काय निघालं ते उजेडात धरून बघायचे, आणि मग त्याच हातानं तुमच्या पाठीवर शाबासकी द्यायचे. ती पाठ घरी जाऊन घासायची.

तीन महिन्यांपूर्वी त्या पाठीवर शाबासकीच शाबासकी पडली होती.

त्या दिवशी चाळीस नंबरचं पेप्टाइड मशीनवरून आलं होतं. पांढरी भुकटी, थोडी दमट, नळीच्या तळाशी चिकटलेली. तिनं झाकण उघडलं आणि नाकात काहीतरी चुरचुरलं. ती शिंकली. "सर्दी होणारसं दिसतंय," असं मशीनवाल्या काकांना म्हणाली आणि कामाला लागली. भुकटी पाण्यात विरघळवली, कॅन्सरच्या पेशी भरलेल्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये थेंब थेंब घातली. दुसऱ्या ओळीत तेच मणी उलटसुलट ओवलेला खोटा तुकडा, तुलनेसाठी. तो बाहेरून विकत आणलेला होता, कारण मशीनला वेळ नव्हता. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर काय! खोट्या तुकड्याखाली पेशी मजेत, आणि चाळीस नंबरखाली एकजात सगळ्या मेलेल्या, फुटलेल्या, चिंध्या झालेल्या. जंतूंचंही तेच.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती. मेलेल्या खळग्यांमधलं पाणी गुलाबीचं पिवळं झालं होतं. त्या पाण्यात रंगच असा घातलेला असतो की आंबटपणा वाढला की ते पिवळं पडतं. साहेब म्हणाले, "मरण्याआधी खाऊन-पिऊन माजल्या असतील, म्हणून पाणी आंबलं." ती म्हणाली, "हो, तसंच असेल." अहो, थेंब पडल्याबरोबर पिवळं झालेलं पाणी! माजायला वेळ तरी कुठे मिळाला होता त्यांना? पण त्या क्षणी तिला कुणी सांगितलं असतं की पाणी लाजून पिवळं झालंय, तरी तिनं मान डोलावली असती. अकरा वर्षांनी हाताला काहीतरी लागलं होतं.

आणि तिला लगेच ताईला फोन करायचा होता ना.

ताईला वर्षाच्या सुरुवातीला स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन करण्याआधी औषध शिरेतून देऊन गाठ आक्रसून घ्यायची, असं डॉक्टरणीनं ठरवलं होतं. एकूण सहा डोस. तीन झाले होते आणि गाठ खरोखर लहान होत होती. पण ताईचे केस गेले, तोंड आतून सोललं, चव गेली, वास गेला. कशाचा म्हणून वास येईना. असल्या दिवसांत हिनं फोन केला आणि बालिशपणे ओरडली, "ताई, मरतात गं! सगळ्या मरतात! आपल्या दुधातल्या तुकड्यानं!"

आपल्या दुधातल्या. जन्मात दुधाला आपलं म्हटलं नव्हतं तिनं.

पुढे महिन्याभरात साहेबांनी पेपरवाल्यांना बोलावलं. "दुधातून कॅन्सरवर मात" असा मथळा आला, साहेबांचा मोठा फोटो आला, आणि मागे कोपऱ्यात हिचा अर्धा चेहरा. ताईनं तो कापून शीतकपाटावर चिकटवला आणि चौथ्या डोसाच्या दिवशी भावजींना सांगितलं, "मी नाही येणार. आमच्या धाकटीचं औषध निघतंय, तोवर दूध पिते. त्यातही तेच असतं."

भावजींचा घाबराघुबरा फोन आला तेव्हा ही ताईशी बोलली, नाही असं नाही. "अगं, औषध बाजारात यायला दहा वर्षं लागतात," म्हणाली. ताई म्हणाली, "दूध तर आज येतं ना?" ही म्हणाली, "दुधात तो तुकडा तसा सुटा नसतो." ताई म्हणाली, "बास झालं तुझं नाकानं कांदे सोलणं. जन्मभर दुधाला नावं ठेवलीस आणि त्यानंच तुझं नाव केलं." दोघी हसल्या. हिनं डोस घे म्हणून आणखी दोनदा सांगितलं, पण कसं, तर शेजारणीला चहाला थांब म्हणतात तसं. कारण खरं सांगायचं तर तिला आतून बरं वाटलं होतं. आपल्या ताईचा आपल्यावर डॉक्टरणीपेक्षा जास्त विश्वास आहे याचं बरं वाटलं होतं. आज तिला चिकाची नाही, साहेबांच्या कानाची नाही, सगळ्यात जास्त किळस येते ती त्या बरं वाटण्याची.

चौथा डोस चुकला. पाचवाही चुकला.

आणि मग या आठवड्यात चाळीस नंबरची नवी भुकटी आली. छान कोरडी, पिठासारखी हलकी. तिनं ती पेशींवर घातली आणि दोन दिवसांनी बघितलं तर पेशी जिवंत. नुसत्या जिवंत नाहीत, टुमटुमीत. पाणी गुलाबीच्या गुलाबी. ती तडक मशीनवाल्या काकांकडे गेली आणि त्यांच्यावर उखडली.

"काका, काय दिलंत हे? मणी चुकलेत तुमचे!"

"एक मणी चुकलेला नाही, बाई," काका म्हणाले. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. "उलट आता माल झकास आहे. सुकवायच्या यंत्राचा पंप बदलून मिळाला ना! जुना मेला ओढतच नव्हता. पेप्टाइड शुद्ध करताना ते जहाल ॲसिड वापरतो, ते सगळं आतच राहायचं. अधिक भाराच्या मालाला तर ते धरूनच बसतं, दोघांचं मिळून मीठ बनतं. मी तीनदा लिहून दिलं होतं साहेबांना."

काकांच्या कपाटात जुनी नळी शिल्लक होती. तिनं ती उघडली आणि नाक जवळ नेलं. बारीक, तिखट, शिरक्यासारखी कळ नाकातून थेट कपाळात गेली. तीन महिन्यांपूर्वीची ती शिंक. तीच ती. सर्दी तिला झालीच नव्हती.

तरी तिनं नीट करून बघितलं, कारण नुसत्या नाकावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. जुन्या भुकटीतलं ॲसिड काढून टाकलं, पेशी मेल्या नाहीत. पेप्टाइड न घालता नुसतं तेवढं ॲसिड घातलं, पेशी मेल्या, फुटल्या, चिंध्या झाल्या, पाणी पिवळं. विकतचा खोटा तुकडा का निरुपद्रवी ठरला तेही कळलं. तो विकणाऱ्यांनी त्यातलं ॲसिड आधीच धुऊन टाकलं होतं. दोन ओळींत फरक मण्यांचा नव्हताच, धुण्याचा होता. पेप्टाइडनं जंतू थोडेफार मरत होते, तेवढं खरं. कॅन्सरच्या पेशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ती प्लेटा घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, चाळीस नंबर मारत नव्हतं. ॲसिड मारत होतं."

साहेबांनी प्लेटा उजेडात धरल्या. पिवळी ओळ, गुलाबी ओळ. कळायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल, माणूस मूर्ख नव्हता. मग त्यांनी प्लेटा टेबलावर ठेवल्या आणि पिपेटच्या टोकांच्या डबीकडे हात नेला.

"जंतूंवर थोडं चालतंय ना अजून?"

"थोडं."

"मग झालं तर! कॅन्सरचं सावकाश बघू. डोस वाढवू. लगेच गावभर बोंब कशाला?"

"गावभर बोंब तुम्हीच मारलीत, साहेब. पेपरात."

"पेपरवाले काय वाट्टेल ते छापतात." ते कान कोरायला लागले. "आणि सोमवारी डेअरीचे लोक येतायत. त्यांना दुधाच्या पाकिटावर आपलं नाव छापायचंय. त्यांच्यापुढे हे आंबट तोंड घेऊन येऊ नकोस."

"पाकिटावर? लोक ते पिणार, साहेब. आजारी लोक पिणार."

"मग पिऊ देत की!" साहेब अगदी मनापासून हसले. "दूधच आहे ना? दूध पिऊन कुणी मेलंय का?"

त्यांनी टोक बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. टोकावर पिवळं काहीतरी होतं. तिच्या डोळ्यांसमोर ताईचा दुधाचा पेला आला, साय आली, ती दमट भुकटी आली, आणि स्वतःचं ते "हो, तसंच असेल" आलं. ती उठली, बाहेरच्या सिंकपर्यंत कशीबशी पोचली आणि भडभडून ओकली. काका पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले. "काही अरबट-चरबट खाल्लंत का?" त्यांनी विचारलं. "हो," ती म्हणाली, "तीन महिने खातेय."

तोंड धुऊन ती टेबलाशी बसली आणि संशोधनाच्या ज्या नियतकालिकानं त्यांचा लेख स्वीकारला होता त्याच्या संपादकांना पत्र लिहिलं. चूक कुठे झाली, कशी सापडली, प्लेटांचे फोटो, सगळं. तिचा हात एकदाही थांबला नाही. पत्र पाठवून झाल्यावर तिला वाटलं, कठीण काम झालं. पण ते कठीण नव्हतंच. कठीण काम बसनं पाऊण तासावर राहत होतं.

दुपारचे तीन वाजले होते. ताईचं दार उघडंच होतं, आणि दारातच तिला वास आला. नासलेलं दूध. थोडंथोडकं नाही, भांड्याच्या कडांना धरून बसलेलं, दोन-तीन दिवसांचं. तिला वाटलं सिंकमध्ये काही राहिलं असेल. आत गेली तर ताई डोक्याला रुमाल बांधून स्वयंपाकघरात बसलेली, समोर मोठा जग, आणि हातात भरलेला पेला. मनगट इतकं बारीक झालं होतं की पेला त्याला जड होत होता.

"या, शास्त्रीणबाई! आज अवेळी कशा? पेपरवाले सोडत नाहीत वाटतं हल्ली."

"ताई, तो पेला ठेव खाली."

"आलीस की लागलीस नाक मुरडायला! कच्चं आहे, न तापवलेलं. तूच म्हणाली होतीस ना, तापवलं की प्रथिन आखडतं म्हणून? तुझे भावजी कुठून कुठून आणतात बिचारे. पुरवून पुरवून पिते."

"ठेव म्हणते ना!"

हा आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता. तिनं पेला ठेवला.

"बोल."

ही उभ्यानंच बोलली. बसली असती तर बोलता आलं नसतं. "माझं चुकलं, ताई. त्या पेशी दुधाच्या तुकड्यानं मेल्याच नव्हत्या. भुकटीत ॲसिड राहिलं होतं, त्यानं मेल्या. तेवढ्या ॲसिडात काहीही मेलं असतं."

"काहीही?"

"काहीही. तुझ्या पेशी, माझ्या, कुणाच्याही."

"म्हणजे दुधाचं काहीच नाही त्यात?"

"काहीच नाही."

ताई शीतकपाटावरच्या कात्रणाकडे बघत राहिली. मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "छान. दुधात मिठाचा खडा टाकलास."

"ते ॲसिड म्हणजे मीठच होतं गं," ही म्हणाली, आणि हे किती वाईट वेळी हसू येतंय असं वाटून तिला रडू आलं.

"रडू नकोस. मला कळायचं ते कळू दे." ताईनं बोटं आपसूक काखेकडे नेली, पदराखाली काहीतरी चाचपलं आणि हात परत मांडीवर ठेवला. "गाठ परत वाढलीय. पंधरा दिवस झाले. तुझ्या भावजींना नाही बोलले. म्हटलं, तुझं औषध आहे, सावकाश चालत असेल."

ताईनं जग उचलून तिच्या तोंडापुढे धरला. अगदी आई धरायची तसाच. "नासलंय का बघ. मला तर काही कळत नाही."

बघायची गरज नव्हती, पण तिनं नाक आत घातलं. अंगावर काटा आला.

"नासलंय."

"आजच?"

"दोन दिवस तरी झाले असतील. जास्तच."

"आणि मी पितेय." ताईनं जग खाली ठेवला. "आणि तुझं ते? ते कधी नासलं?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी." ताईनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. बिनभुवयांचे ते डोळे तिला फार उघडे वाटले. "मग नाकाडे, तुला वास कसा नाही आला?"

सांगण्यासारखं बरंच होतं. पंपाचं सांगता आलं असतं. साहेबांचं सांगता आलं असतं. प्रयोगशाळेत इतके वास असतात, सर्दीसारखं वाटलं, हेही सांगता आलं असतं.

"आला होता," ती म्हणाली.

ताई उठली, भिंतीला धरत सिंकपाशी गेली आणि जग ओतला. दूध गेलं, गुठळ्या जाळीवर राहिल्या. ताईनं पाठमोरीच विचारलं, "नाक होतं तर तोंड कुठे गेलं होतं गं तुझं?" उत्तरासाठी ती थांबली नाही. "फोन लाव दवाखान्यात. उद्या घेतात का विचार. आणि काय ते तूच सांग त्यांना, मला बोलायचं त्राण नाही."

तिनं फोन लावला. पलीकडे नर्स होती, घाईत. तिनं ताईचं नाव लिहून घेतलं, कागद चाळले.

"तीनच डोस दिसतायत. चौथा आणि पाचवा का नाही घेतला? आम्ही दोनदा फोन केला होता. डॉक्टर विचारतील, मला कारण लिहावं लागेल."

सिंकपाशी ताई बोटांनी जाळीवरच्या गुठळ्या उचलत होती. नळ बंद होता. घरात त्या वासाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "लिहा, बहिणीमुळे."